आम्ही सांभाळतो

दवाखान्याच्या दारात नंबर पुकारणाऱ्या माणसाला लोक खुर्चीसारखं समजतात. खुर्चीला कान नसतात, म्हणून तिच्यासमोर काहीही बोलतात. बजाजनगरातल्या आमच्या डॉक्टरबाईंच्या दवाखान्यात मी चौदा वर्षं असा बसलोय. सगळे मला मामा म्हणतात. किस्से मी गोळा केले नाहीत, खिडकीत धूळ येऊन बसते तसे ते आले. माझी शाळा चौथीपर्यंतची, त्यामुळं लिहायला वेळ लागतो. नावं तेवढी बदलली आहेत.

*

बाई पुण्याहून नव्या आल्या होत्या तेव्हाची गोष्ट. मूल नको असेल तर काय करता, असं त्या प्रत्येक जोडप्याला विचारायच्या. एका गवंड्यानं मान खाली घालून सांगितलं, "सांभाळतो."

नवरा ऐन वेळेला बाजूला होतो, त्याला आमच्याकडं असं म्हणतात. बाईंना वाटलं, बायकोला सांभाळतो! त्या इतक्या खूश झाल्या की त्याला दारापर्यंत सोडायला आल्या आणि म्हणाल्या, "असंच सांभाळत राहा. प्रत्येकानं सांभाळलं पाहिजे."

बाकड्यावरचे चार पुरुष एकदम म्हणाले, "बाई, आम्ही पण सांभाळतो."

चौघांची मिळून नऊ लेकरं तिथंच खेळत होती.

*

अन्वरभाई रिक्षावाले, गुलमंडीच्या बाजारापर्यंत सवाऱ्या नेणारे. तीन लेकरं झाली, चौथं नको म्हणून बायकोला घेऊन आले. बाईंनी तेच विचारलं. अन्वरभाई म्हणाले, "बाई, मैं तो गुलमंडी के पहलेच रिक्षा रोक देता."

बाईंना तोवर आमची भाषा कळायला लागली होती. त्या म्हणाल्या, "रिक्षा थांबते हो, पण एखादी सवारी त्याआधीच चालत्या रिक्षातून उतरून जाते. शेवटाच्या आधी जे दोन थेंब आपोआप येतात ना, ते तुम्हाला कळतही नाहीत. त्यातही बीज असू शकतं. दरवेळी असतं असं नाही. पण असलं, तर एक पुरतं."

अन्वरभाई म्हणाले, "फिर पडदा लगाना पडेगा."

"कधी?"

"सवारी बैठने के पहले."

बाईंनी दवाखान्यातल्या नर्सला, शोभा सिस्टरला हाक मारून सांगितलं, यापुढं पुरुषांना समजावायला यांनाच बोलवत जा.

*

खरं सांगायचं तर त्या दोन थेंबांचं मलाही तिथंच कळलं, वयाच्या साठीत. घरी जाऊन बायकोला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "चार लेकरं झाल्यावर सांगता व्हय?"

*

दारापाशी भिंतीवर निरोधची पेटी आहे. फुकट आहे, पण माझ्यासमोर कुणाचा हात तिच्याकडं जायचा नाही. पुरुष यायचा, भिंतीवरचं कॅलेंडर वाचायचा आणि निघून जायचा. मग मी युक्ती काढली. कुणी कॅलेंडर वाचायला लागला की मी उठून पाणी प्यायला जायचो. परत येईपर्यंत पेटी हलकी झालेली असायची.

महिनाभरानं बाईंनी मला आत बोलावलं आणि काही न सांगता रक्त घेतलं. मी घाबरलो. त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही दिवसातून वीसदा पाणी पिता. शुगर बघू द्या."

शुगर नव्हती.

*

यंदा मात्र माझा जीव एका जोडप्यात अडकला होता. कैलास आणि वर्षा, माझ्याच गल्लीत राहतात. कैलास पाचोडकडचा. घरी मेंढरं, हा मात्र इथं कंपनीत. वर्षा पोलीस भरतीची तयारी करते. मी सकाळी दूध आणायला निघतो तेव्हा तिच्या आठ चकरा झालेल्या असतात. वयात बसणारी तिची ही शेवटची भरती होती. धावायची परीक्षा, म्हणजे त्यांच्या भाषेत मैदान, दोन महिन्यांवर आलेलं. दिवस राहिले असते तर सगळं तिथंच संपलं असतं.

तर हे पहिल्यांदा आले तेव्हा कैलास मोठ्या तोऱ्यात म्हणाला, "निरोध आहे आमच्याकडं. पण शेवटी शेवटी लावतो."

बाईंनी त्याला विचारलं, कंपनीत काय काम करता? तर लीक टेस्टिंग. पार्ट पाण्यात बुडवायचा, बुडबुडा आला की रिजेक्ट.

"किती बुडबुडे आले तर?"

"एक आला तरी."

"आणि घरी?" बाई म्हणाल्या.

वर्षा हसली, कैलास नाही. मग बाईंनी नीट समजावलं. निरोध पहिल्यापासून, अंगाला अंग लागायच्या आधी लावायचा. आणखी भरवसा हवा असेल तर वर्षासाठी रोजच्या गोळ्या आहेत, तांबी आहे. आणि कधी चूक झालीच तर बहात्तर तासांच्या आत या, तातडीची गोळी देते. जितक्या लवकर तितकं बरं.

*

चूक झाली. त्यानंतर कैलास एकटाच गोळी न्यायला आला, हसतमुख. मी विचारलं, कधीची गोष्ट? तर म्हणाला, दहा दिवस झाले. मी बोटांवर तीन दिवस मोजून त्याला दाखवले.

"मामा, बरोबर आहे," तो मलाच धीर द्यायला लागला. "आठ तासांची एक ड्युटी. बहात्तर तास म्हणजे नऊ ड्युट्या. मधली सुट्टी मी धरली नाही."

बाईंनी कपाळाला हात लावला. आता गोळीचा उपयोग नव्हता. पाळीची तारीख जाऊ द्या, नाही आली तर तपासू, एवढंच त्या म्हणाल्या. ही गोष्ट कैलासनं वर्षाला कशी सांगितली माहीत नाही. दुसऱ्या दिवशी मात्र ती एकटी धावताना दिसली आणि तो सरावाच्या मैदानाच्या कडेला तिच्या चपला हातात धरून उभा होता.

*

तारीख गेली. पाळी आली नाही. तपासणीच्या दिवशी दोघं गुपचूप दवाखान्यात आले, तर मागोमाग कैलासची आई पाचोडहून दारात हजर. सून दवाखान्यात जाते एवढंच तिच्या कानावर गेलं होतं. हातात चिंचेची पिशवी. वर्षा कैलासच्या मागं सरकली.

सिस्टर आतून आल्या आणि म्हणाल्या, नाही. धावण्याच्या ताणानं पाळी पुढं गेली असणार. आठवड्यानं पुन्हा एकदा खात्री करू.

वर्षानं भिंतीला डोकं टेकलं आणि मोठा श्वास सोडला. म्हातारीनं ते पाहिलं. ती सरळ बाईंच्या खोलीत गेली. बाईंनी तिला सगळं सांगितलं असणार. मैदानाचं, दोन थेंबांचं, शेवटी शेवटी लावायचंही. दहा मिनिटांनी ती बाहेर आली. आता ही सुनेला बोलणार म्हणून सगळी रांग माना वळवून बघायला लागली.

ती कैलाससमोर जाऊन उभी राहिली.

"आपून मेंढ्याच्या पोटाखाली फडकं कशाला बांधतो रं?"

"अवेळी कोकरं नको म्हणून."

"आन् ते कवा बांधतो? मेंढीपाशी गेल्यावर?"

कैलास खाली बघत म्हणाला, "आधी."

"मंग?"