मधला टॅब आणि बासरीवाल्याचा कोट

घरात तिला मधली म्हणत. वर ताई, खाली भाऊ, मधे ही. लग्न झालं, केस पिकले, तरी गिऱ्हाइकंसुद्धा ‘मधल्या मावशी’च म्हणत. आपल्याला इस्त्रीला बसवतील या धास्तीने भाऊ विशीत जो पळाला, तो लांबच्या गावी संसार थाटूनच सापडला. मग शिवणाचं दुकान दोघी बहिणींनीच ओढलं. ताई बेतायची, मधली शिवायची. कापायच्या टेबलाशी दोघी खांद्याला खांदा लावून उभ्या, ताईच्या हातात कात्री, मधलीच्या तोंडात टाचण्या. त्यामुळे बोलणंही सगळं ताईच्याच वाट्याला यायचं.

मधलीच्या शिलाईला बोट दाखवायला जागा नव्हती. पण कापडाला कात्री लावायची म्हटलं की हात गार. उसवता येतं, कापलेलं जोडता येत नाही, हे ताईने लहानपणीच तिच्या डोक्यात बसवलं होतं, आणि ताई म्हणेल ती पूर्व दिशा.

मग ताईच्या अंगठ्याने दगा दिला. कात्री उघडली की मिटेना. ताईच्या मुलाने तिला आपल्याकडे नेलं, दोन रात्रींच्या प्रवासावर. दुकानात राहिलं काय, तर चेन बदल, विजारीची उंची कमी कर. पाटीवर ‘कोट शिवून मिळतील’ असं लिहिलेलं होतं. ती ओळ तेवढी रंगाने झाकून टाकायची असं मधलीने मनाशी ठरवलं होतं, आणि नेमका तेव्हाच वाद्यवृंदातला बासरीवाला काळ्या कापडाचा तुकडा काखेत मारून दारात उभा राहिला.

“मधल्या मावशी, कोट हवाय. जुना कोपरातून गेला.”

हे जुनं गिऱ्हाईक. आडवी बासरी धरून धरून त्याचा एक खांदा चांगलं अर्धं बोट वर चढलेला. तयार कोट त्याच्या अंगावर कलंडतो. ‘नाही’ म्हणायला मधलीने तोंड उघडलं, पण तोंडात टाचण्या होत्या. त्या काढेपर्यंत तो कापड ठेवून गेलासुद्धा.

फोनवर ताई म्हणाली, “घे की! मी सांगते, तू काप.”

“या एवढ्याशा फोनवर? तुझं नाकच मावेना त्यात.”

“मग टॅब घे एखादा. आमच्या नातवाकडे आहे, चांगला पाटीएवढा दिसतो.”

मधलीचा नवरा जन्मभर लिफ्ट दुरुस्त करत आलेला. नवीन वस्तू म्हणजे नवीन बिघाड, हे त्याचं मत. तरी टॅबच्या दुकानात सोबत आला, नाही म्हणायला कोणीतरी हवं म्हणून.

विकणाऱ्या पोराने तीन टॅब मांडले. “मावशी, हा स्वस्तातला अडकतो. तो वरचा तुम्हाला लागायचा नाही. मधला घ्या, त्यात सगळं असतं, थोडं थोडं.”

“म्हणजे आमच्यासारखंच,” मधली म्हणाली. “कामं सगळी, कौतुक कशाचं नाही.”

तिने पिशवीतून काळ्या कापडाची चिंधी काढली, खडूने रेघ मारली आणि टॅबपुढे धरली. “ही दिसते का बघा.”

पोरगं चक्रावलं. “लोक गेम चालतो का विचारतात, मावशी.” पडद्यावर काळा डाग तेवढा आला. रेघ आहे म्हटलं तर आहे. “आठवडाभर वापरून बघा. नाही पटला तर परत आणा. खोकं मात्र जपा.”

“खोकं मी जपतो,” नवरा लगेच म्हणाला.

घरी येऊन त्याने खोकं कपाटावर ठेवलं आणि मग, काम दिसलं की विरोध विसरणारा माणूस तो, टॅबसाठी एक छोटी लिफ्टच बनवली. टेबलापलीकडे दोरी, दोन चाकं, कपड्याचा हँगर, चिमटे, दुसऱ्या टोकाला वजन. दोरी ओढली की टॅब खाली, सोडली की वर. “तुमची ताई आता तळमजल्यावर येते,” म्हणून स्वतःच हसला.

पहिल्या दोन दिवसांत मधलीने टॅबचे सगळे गुण-दोष काढले. काळा आणि गर्द निळा ताईला सारखेच दिसतात. दुपारी शेजारपाजारचे सगळे नेटवर बसले की ताईचं तोंड उघडं राहतं आणि शब्द मागून येतात. पण बॅटरी दिवसभर पुरते, आणि ताई खरीखुरी माणसाएवढी दिसते, चष्म्यावरच्या बोटांच्या ठशांसकट.

काळ्या कापडाला हात लावायच्या आधी स्वस्तातल्या मांजरपाट कापडाचा कच्चा कोट करायचा, ही ताईची पद्धत. पडद्यात ताई समोर बसली, आपल्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, “या बाजूला अर्धं बोट चढव.” तेवढ्यात तिचा नातू रडला, ती उठून गेली. मधलीने समोर दिसत होतं त्या बाजूला खांदा अर्धं बोट चढवला, बेतला, कच्चे टाके घातले.

बासरीवाल्याने अंगात घातला आणि आरशात बघत राहिला. “मावशी, माझा पडका खांदा आणखी पडला की हो.”

नवरा कपाटाकडे बघून म्हणाला, “खोकं काढू का?”

मधलीने कच्चा कोट त्याच्या अंगावरून उतरवून घेतला. संध्याकाळी दोरी ओढली आणि तो मांजरपाट टॅबपुढे धरला. “ताई, मला जमायचं नाही. उद्या त्याचं कापड परत करते. हे यंत्रही.”

ताईने चष्मा पुसला. आधी कोटाकडे बघितलं, मग आपल्या खांद्याकडे. “अगं, शिलाई ठीक आहे, बेतही ठीक आहे. उलटा झालाय नुसता. मी तुझ्याकडे तोंड करून बसले, माझा डावा तो तुला उजवीकडे. इतकी वर्षं आपण शेजारी उभ्या राहिलो, समोरासमोर कधी होतो? भांडतानासुद्धा नाही.”

“भांडताना तू बोलायचीस. माझ्या तोंडात टाचण्या.”

“म्हणून तर संसार टिकला दुकानाचा. थांब आता.” आणि ताईने खुर्ची गर्रकन फिरवली. पडद्यावर तिची पाठ, अंबाडा, मानेवर लोंबणारा चष्म्याचा दोरा. “आता माझा डावा तो तुझा डावा. बोल.”

ताईच्या पाठीला विचारत विचारत दुसरा मांजरपाट बेतला. बासरीवाल्याच्या अंगावर तो सरळ बसला.

मग काळं कापड आलं. मधलीने खडूची रेघ मारली, दोरी ओढली. “दिसतंय?”

“कोळशाची वखार दिसतेय. रेघ कुठली दिसायला? तू काप, मी अशीच पाठ करून बसते. ऐकते.”

“ऐकून काय कळणार?”

“काप गं तू.”

मधलीने कात्री लावली. नवऱ्याने पंखा बंद केला आणि दारात उभा राहिला. कर्र, कर्र, कर्र. खांद्याच्या उतारापाशी ताईची पाठ ताठ झाली.

“थांब. कापड ओढतेयस. डाव्या हाताची मूठ सोड.”

मधलीने बघितलं. डाव्या मुठीत कापड चिणल्यासारखं धरलेलं होतं. मूठ सोडली. कात्रीचा आवाज मोकळा झाला, पाणी ओतल्यासारखा.

“हां, आता ऐक,” ताई म्हणाली. पुढचे दोन भाग, पाठ, बाह्या, सगळं टेबलावर सुटं होऊन पडलं तेव्हा मधलीच्या लक्षात आलं की ताईने बराच वेळ तोंड उघडलेलं नाही.

“झोपलीस की काय?”

“टोकायला काही नव्हतं,” पाठ म्हणाली.

कोट घालून बासरीवाल्याने बासरी उचलली, ओठाला लावली, खांदा चढला. कॉलर जागची हलली नाही. त्याने तिथेच चार सूर वाजवले, आणि शिलाईच्या यंत्राखालची मांजर उठून बाहेर गेली. तेवढी एक सोडली तर सगळ्यांना आवडलं.

आठवडा भरला तसा विकणाऱ्या पोराचा फोन आला. टॅब कसा वाटला?

“काळा-निळा कळत नाही त्याला,” मधली म्हणाली. “दुपारी अडखळतो. पण कान तिखट आहेत. राहू दे.”

नवऱ्याने तरी सवयीने कपाटावर हात नेला. खोकं तिथे नव्हतं. टेबलाखाली होतं, उघडं. त्यात खडू, टेप आणि तीन नव्या गिऱ्हाइकांच्या कोटांची बटणं वेगवेगळ्या पुड्यांत बांधून ठेवली होती.