सोसायटीने रोवलेले दोन खांब

आमच्या सोसायटीत अठरा घरं होती आणि अठराही घरांना अर्ज लिहिण्याची भारी हौस. घरमालक बहुतेक शिक्षक, कारकून, एक-दोघी मिशनच्या दवाखान्यातल्या नर्सबाई. जन्मभर दुसऱ्यांचे अर्ज वाचलेली ही माणसं स्वतःचं घर झाल्याबरोबर सूड उगवायला बसली होती. त्यातही सगळ्यात खणखणीत अर्ज कुणाचा, तर माझा. हे मी आज हसत सांगतेय, पण तेव्हा मला त्याचा केवढा तोरा होता!

एकाहत्तर साल नुकतंच लागलं होतं. मुलगी सात महिन्यांची. सकाळची शाळा उरकून मी घरी यायची आणि दुपारी दोन ते चार ती झोपली की बी.ए.चा अभ्यास करायची. बाहेरून बसले होते, एकदा अर्थशास्त्रात आपटलेही होते. या खेपेला पास झाले तर हायस्कुलात वर्ग मिळणार होता; नाहीतर पहिलीच्या पोरांची नाकं पुसत म्हातारी होणार, हे मला स्वच्छ दिसत होतं. तेव्हा ते दोन तास म्हणजे माझा जीव की प्राण.

त्या दोन तासांवरच नेमकं विमान यायचं. आठवड्यातून दोनदा-तीनदा, घरांवरून इतकं खाली की मांडणीतली ताटं वाजायची. मुलगी दचकून उठायची आणि मग कसलं अर्थशास्त्र! माझं डोकं असं फिरायचं की जे जे वाजतं ते ते माझा वैरी. देवळाली प्रवऱ्याकडून कारखान्याला जाणाऱ्या उसाच्या बैलगाड्या आमच्या सोसायटीच्या रस्त्यातून जवळची वाट काढायच्या, दुपारभर घुंगरं वाजत. मागे रस्त्यावर उसाची पाचट, पोरांनी चघळून टाकलेली चोयटी आणि शेणाचे पो. मी एकाच अर्जात तिघांनाही घेतलं: गाड्या, कचरा आणि विमान.

सभेत अर्ज वाचला तेव्हा टाळ्या पडल्या. अध्यक्ष निवृत्त हेडक्लार्क होते. त्यांनी चष्मा पुसत विचारलं, "बाई, मसुदा उत्तम आहे. पण हे विमान कुणाचं?"

ते कुणालाच ठाऊक नव्हतं. तासभर चर्चा झाली, शेवटी कलेक्टरांना पाठवून प्रत सर्वांना द्यायचं ठरलं. "आता आकाशात काही खांब रोवता येत नाही," अध्यक्ष म्हणाले, "पण रस्ता आपला आहे." आणि त्या जोरावर आठवड्याभरात रस्त्याच्या तोंडाशी दोन दगडी खांब उभे राहिले. मधून सायकल जाईल, स्कूटर जाईल, बैलगाडी नाही. गाड्या पाटाच्या बाजूने वळसा घालून जाऊ लागल्या.

दुसऱ्या दिवशी सोसायटी कशी चिडीचूप! मी पुस्तकं मांडली, वहीवर रेघ मारली, मुलीला पाळण्यात घातलं. तिने डोळे टक्क उघडे ठेवले. तीन वाजले, चार वाजले, बाईसाहेब जाग्याच. असे पाच दिवस. डॉक्टर झाले, ग्राइप वॉटर झालं, सासूबाईंनी मीठ-मोहरीने दृष्ट काढली. माझी दृष्ट मात्र कुणी काढली नाही, मी तर रडकुंडीला आले होते. अर्थशास्त्राचं एक पान उलटलं नव्हतं.

सहाव्या दिवशी, रविवारी, तिला खांद्यावर टाकून पाटाच्या रस्त्याने उगाच फेऱ्या मारत होते. समोरून गाड्यांची रांग आली. पहिली गाडी गेली, दुसरी गेली. तिसरीची घुंगरं जवळ आली आणि माझ्या खांद्यावरचं ओझं एकदम जड झालं. मान टाकून गाढ झोपली होती.

मी रस्त्यातच उभी राहिले. तिसऱ्या गाडीवर माझ्याच वयाची एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं मूल. ऊसतोडीला आलेली, पाथर्डीकडची. नवऱ्याने बैल थांबवले तशी ती वाकून बघायला लागली.

"निजली व्हय बाई? आमचं बी असंच हाय. घुंगरं वाजल्याबिगर डोळाच मिटत न्हाई."

मी विचारलं, "या वाटेनं लांब पडत असेल ना?"

"लई लांब. उनात ल्येकरू पार सुकून जातंय. पन काय करावं, त्या कालनीत कुनी तरी खांब रवल्यात म्हनं."

मला भयंकर लाज वाटली. एवढे खणखणीत अर्ज लिहिणारी मी, माझे खांब म्हणून सांगायची हिंमत झाली नाही.

पुढच्या सभेत मात्र उभी राहिले. म्हटलं, खांब काढा, गाड्यांशिवाय माझी मुलगी झोपत नाही. सगळे माझ्याकडे बघतच राहिले.

"बाई," अध्यक्ष म्हणाले, "अर्ज तुमच्याच हातचा आहे."

"म्हणूनच माझ्याच तोंडाने मागे घेते."

मला वाटलं, आता माझी चांगली खरडपट्टी निघणार. पण नर्सबाई खाली मान घालून म्हणाल्या की अंगणात सडा घालायला आठवडाभर शेण मिळालेलं नाही. कोपऱ्यातल्या मास्तरांची पोरं उसाचं कांडं मिळेना म्हणून रुसली होती. आणि मग अध्यक्षांच्या सौभाग्यवतींनी सगळ्यांसमोर सांगून टाकलं की हे स्वतः रोज पहाटे घमेलं घेऊन पाटाच्या रस्त्याला जातात, गुलाबांना शेणखत पाहिजे म्हणून. अध्यक्ष असे लाल झाले की त्यांच्या गुलाबांनीही लाजावं. त्या दिवशी जेवढं हसलो तेवढं सोसायटी झाल्यापासून हसलो नव्हतो. कचऱ्यासाठी कोपऱ्यात खड्डा खणायचा, पाचट त्यात टाकायची, असं ठरलं. खांब उपटायला तेच गाडीवाले आले आणि त्यांच्याच बैलांनी ते दोराने ओढून काढले. विमान आपलं येतच राहिलं. त्याचं उत्तर आजतागायत आलेलं नाही.

एप्रिलात परीक्षा दिली आणि दुसऱ्या वर्गात पास झाले. तोवर हंगाम संपून गाड्या पाथर्डीकडे परतल्या होत्या. पुढच्या हंगामात ती दिसली तशी मी पेढ्यांचा पुडा घेऊन रस्त्यात आडवी गेले.

"पेढे कशाचे वं बाई?"

"मी बी.ए. झाले. आणि ऐक, ते खांब मीच रोवायला लावले होते."

ती हसत सुटली. "ठावं हाय की. खांब उपटाया आलो तवाच तुमच्या कालनीचं चष्म्यावालं म्हातारं बोललं आमच्या मालकास्नी."

"मग तेव्हाच भांडली का नाहीस माझ्याशी?"

"का भांडू? ल्येकीच्या झोपंपायीच केलं न्हवं तुमी?" तिने एक पेढा मुलाच्या तोंडात घातला, एक स्वतःच्या. "म्या आसते तर चार रवले आसते."