रुकमा दीदीच्या हातचे अक्रोड

जर्दाळू खाल्ला की रुकमा दीदी त्याची बी ओच्यात टाकायची. माती उचलून हुंगायची. गाईशी बोलायची, माणसांशी कमी. कुणाच्याही घरी चहा उभ्यानेच प्यायची. हसताना तोंडावर हात धरायची.

आमच्या खोऱ्यात मानतात, की अक्रोड लावणारा माणूस त्याला पहिलं फळ धरलं की मरतो. म्हणून गावाचे सगळे अक्रोड रुकमा दीदी लावायची. वय चव्वेचाळीस, नवऱ्याने टाकलेली, मूल नाही. मागे रडणारं कुणी नाही, एवढीच तिची पात्रता. डेहराडूनला साहित्य शिकून येईपर्यंत मला हे कधी खटकलं नव्हतं. त्याचीही आता किळस येते.

यंदा भावाने तिला घरामागचा तुकडा दिला. माहेरी परत आल्यावर पंधरा वर्षांनी. मला ती भुली, म्हणजे धाकटी बहीण, म्हणायची. काय काय लावायचं ते मला सांगत बसली.

"उत्तरेला वाळुंज. वारा अडतो, आणि वाळवलेला पाला बर्फात गाईला होतो. मध्ये जर्दाळू. बियांचं तेल गुडघ्यांना चोळायला."

"आणि सफरचंद?"

"फवारायला तुझा बाप येणार का?"

"अक्रोड, दीदी?"

"नको गं भुली. त्याच्या सावलीत दुसरं काही धड येत नाही. आणि आपल्याच दारात मरण कोण लावतं?" तोंडावर हात धरून ती हसली.

बर्फ वितळलं की कोंब फुटेपर्यंत लावणीला जेमतेम तीन आठवडे मिळतात. तिने खणायला घेतलं आणि दुसऱ्याच सकाळी गावचे प्रधान रणजोर काका दारात आले.

"रुकमा, बारा अक्रोड लावायचेत. चल."

"काका, यंदा माझं आधी होऊ द्या."

"तुझं काय, पुढल्या आठवड्यातही होईल. माझी रोपं सुकतायत."

"तुमचे तीन मुलगे आहेत की घरी."

"त्यांना बायकापोरं आहेत, पोरी." हे ते अगदी मायेने म्हणाले.

ती गेली. चार दिवस बर्फाळ पावसात चिखल तुडवत राबली. पाचव्या दिवशी ताप चढला, दहाव्या दिवशी ती संपली. न्यूमोनिया, असं डॉक्टर म्हणाले. गावाने ते कानावर घेतलंच नाही; गेल्या वर्षी तिच्या हातच्या पहिल्या अक्रोडाला फळ धरलं होतं, त्यांना तेवढं पुरलं. लोकांच्या चेहऱ्यावर, आपण सुटलो, असं समाधान मला दिसलं.

तेराव्याच्या पंक्तीत रणजोर काका माझ्या आईला म्हणाले, "तीन रोपं राहिली. आता कुणाला बोलवायचं?" आणि भात वाढणाऱ्या विधवा वहिनीकडे, चंदा बौकडे, त्यांनी नीट निरखून पाहिलं. आई भात कालवत राहिली. पंक्ती जेवत राहिली.

मी उठले. मग दीदीच्या घरामागे गेले.

उत्तरेच्या कडेला दोन वाळुंज लागले होते. पाच खड्डे उघडे होते. उरलेल्या फांद्या तिने बादलीत भिजत ठेवल्या होत्या, त्यांना पांढरी मुळं फुटली होती. मधला जर्दाळूचा खड्डा शेणखताने अर्धा भरलेला होता.