ईशान्येचा खांब

घोरपडे पेठेत मन्सूरभाईंचं घर विचारलं की लोक उलट विचारत, "कोणते? फर्निचरवाले की किचनवाले?" दोन्ही मन्सूरभाई एकच होते आणि त्यांना यातलं कुठलंच नाव पसंत नव्हतं. ते स्वतःला सुतार म्हणवत. पण एकविसाव्या शतकातल्या पुण्यात सुतार कुणाला लागत नव्हता, त्यामुळे त्यांच्या पसंतीला विचारतो कोण?

हातातली कला आजोबांची. आजोबांनी केलेले चार-पाच दरवाजे पेठेत अजून उभे होते आणि त्यातल्या एकातही खिळा नव्हता. जमिनीवर बसायचं, लाकूड तळपायाखाली दाबून धरायचं आणि सांधा असा करायचा की हाताने चाचपडूनही सापडू नये, हे मन्सूरभाई त्यांच्याकडून शिकले. शिकून हात तयार होतोय तोवर शहरानेच कूस बदलली. कोथरूडला सोसायट्यांवर सोसायट्या उठू लागल्या. पुढे पोरांना संगणकाच्या नोकऱ्या लागल्या आणि किल्ली हातात पडल्यापासून तीन आठवड्यांत त्यांना स्वयंपाकघर तयार हवं असे. तीन आठवड्यांत सागवान धड वाळतसुद्धा नाही. मग आलं प्लायवूड, वरून सनमायका, मध्ये गोंद आणि मशीनने पिळलेले स्क्रू. मन्सूरभाईंनी तेही केलं. पोटापुढे कला काय करणार?

त्यातली गंमत पुढे होती. आठ-दहा वर्षांत त्या किचनची फॅशन जाई आणि जुनं तोडायला कधी कधी यांनाच बोलावणं येई. आपणच उभं केलेलं पहारीने उखडायचं आणि जिन्यावरून खाली टेम्पोत नेऊन टाकायचं. एकदा एका बाईंनी ओट्याखालचं कुजलेलं कपाट दाखवून विचारलं, "अहो, इतकं वाईट काम केलं होतं तरी कुणी?"

"होता एक," मन्सूरभाई म्हणाले आणि पहार घातली.

हे ते घरी कधी बोलले नाहीत. पण तीस वर्षांत आपल्या हातचं असं एकही काम उभं नाही, ज्याकडे बोट दाखवून कुणी म्हणेल की हे मन्सूरने केलं, याचं त्यांना फार वाईट वाटे. जुबेदाला, म्हणजे त्यांच्या बायकोला, हे न सांगताच ठाऊक होतं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीने ठरवलं की आपल्या बागेत जपानी पद्धतीची चहाची खोली बांधायची. कंपनीची बरीचशी कामं जपानची होती, तेव्हा तिकडच्या साहेबांना जरा बरं वाटावं. त्यासाठी लिंबासारख्या वासाचं फिकट लाकूड जहाजाने आलं आणि लाकडाच्या मागोमाग निशिमुरा नावाचे साठी उलटलेले सुतार आले. त्यांना हाताखाली एक माणूस हवा होता. ठेकेदाराने मशीनवाले तीन कारागीर पाठवले. निशिमुरांनी त्यांना अर्ध्या दिवसात वाकून नमस्कार केला आणि परत पाठवलं. शेवटी ठेकेदाराला मन्सूरभाई आठवले.

पहिल्या दिवशी निशिमुरांनी एक फळी आणि आपला रंधा पुढे केला. मन्सूरभाईंनी तीस वर्षांच्या सवयीने रंधा पुढे ढकलला आणि तो लाकडावर अडखळत धडधडला. तो रंधा ढकलायचा नव्हता, आपल्याकडे ओढायचा होता. करवतही ओढतानाच कापणारी. निशिमुरांनी त्यांचं मनगट धरून दोनदा दाखवलं, आणि मग स्वतः जमिनीवर बसले, लाकूड तळपायाखाली दाबलं आणि कामाला लागले. मन्सूरभाई त्या पायाकडे बघत राहिले. कोथरूडच्या साइटवर सुपरवायझर त्यांना म्हणत असे, चाचा, टेबल घ्या, खाली बसून काम बरं दिसत नाही. त्यांना त्या क्षणी फार आनंद झाला. तेही शेजारी बसले.

दोघांच्या मध्ये बोलायला कंपनीने प्रियदर्शनी दिली होती. ही कोथरूडची मुलगी चार वर्षं जपानी शिकून भाषांतराच्या नोकरीला लागलेली. पहिल्या आठवड्यानंतर ती म्हणाली, "मन्सूरचाचा, तुम्ही दोघं दिवसभरात दहा वाक्यं बोलता. माझा पगार कापतील हो अशाने."

त्या दहा वाक्यांतलं एक मात्र मन्सूरभाई विसरू शकले नाहीत. निशिमुरांनी सांगितलं होतं की छताचा सगळ्यात वरचा वासा, म्हणजे आढं, चढवायच्या दिवशी एक लाकडी पाटी लिहायची रीत आहे. तारीख आणि काम करणाऱ्या सुतारांची नावं. ती पाटी आढ्याखाली ठोकायची आणि छताने झाकून टाकायची. पाटीवर दोन नावं येतील, निशिमुरांचं आणि मन्सूरभाईंचं.

"झाकून टाकायची, तर लिहायची कशाला?" मन्सूरभाईंनी विचारलं. पण ते आपलं विचारायचं म्हणून. संध्याकाळी घरी पोचेपर्यंत त्यांच्या तोंडावरचं हसू गेलं नव्हतं. जुबेदाने कारण काढून घेतलं आणि दुसऱ्या दिवशी सगळ्या गल्लीला ठाऊक झालं की मन्सूरचं नाव जपानी अक्षरात लिहिणार आहेत. ते छतात झाकलं जाणार, एवढा बारीक तपशील तिने गाळला.

खांब आणि तुळया जमिनीवर तयार झाल्या. प्रत्येक खांबाच्या टोकाला एक जाडजूड जीभ कोरलेली आणि तुळईत तिच्या मापाची खाच. जिभा मन्सूरभाईंनीच कोरल्या होत्या, रंध्याने अशा साफ केल्या होत्या की बोट फिरवलं तर घसरावं. शुक्रवारी जोडणीला सुरुवात झाली, ईशान्येच्या खांबापासून. प्रियदर्शनी त्या दिवशी रजेवर होती. दुपारी मन्सूरभाई जुम्म्याच्या नमाजाला जाऊन आले, तर निशिमुरांना कुणी साहेबाने आत बोलावलेलं आणि खांब तिथेच आडवा पडलेला. खांबाची जीभ चारी बाजूंनी हातोड्याने चेचलेली होती.

मन्सूरभाईंच्या मस्तकात तिडीक गेली. बागेत माती टाकणारे चार मजूर होते. हातोडा दिसला की ज्याचा त्याचा हात शिवशिवतो. त्यांनी मजुरांना विचारलं, त्यांनी कानावर हात ठेवले. निशिमुरा परत येऊन हे बघतील आणि म्हणतील, माझ्या माणसाला आपलं काम सांभाळता येत नाही. मन्सूरभाईंनी रंधा घेतला, पातं अगदी बारीक बसवलं आणि चारी बाजूंनी चेचलेला तेवढा भाग काढून टाकला. केसभरच असेल. जीभ पुन्हा आरशासारखी झाली. निशिमुरा घाईने परतले, जिभेकडे न बघताच त्यांनी खांबाला हात घातला; दोघांनी तो उभा केला, तुळई वर बसवली. लाकडी मोगरीचे पाच-सहा ठोके लागतील असं वाटलं होतं, तीन ठोक्यांतच बसली. निशिमुरांनी मान जराशी तिरकी केली. मग कोरड्या उन्हाकडे हात करून काहीतरी पुटपुटले आणि पुढच्या कामाला वळले.

सोमवारी प्रियदर्शनी हजर झाली, हातात वही. कंपनीच्या मासिकासाठी तिला या कामावर लिहायचं होतं. निशिमुरांनी दुसरा खांब समोर घेतला, छोटा गोलतोंड्या हातोडा उचलला आणि मन्सूरभाईंच्या डोळ्यांदेखत त्याची जीभ चारी बाजूंनी चेचायला सुरुवात केली.

प्रियदर्शनी लिहिता लिहिता सांगू लागली, "याला ते लाकूड मारणं म्हणतात, चाचा. जीभ मुद्दाम थोडी मोठी ठेवायची. मग ठोकून दाबायची, म्हणजे खाचेत सहज जाते. आत गेल्यावर हवेतला ओलावा पिऊन ती पुन्हा फुगते आणि सांधा असा आवळतो की बास. किती छान ना?"

मन्सूरभाईंची नजर ईशान्येच्या खांबाकडे गेली. त्यांनी विचारलं, "आणि मारलेला भाग कुणी तासून टाकला तर?"

तिने विचारलं. निशिमुरा मान वर न करता काहीतरी बोलले आणि हसले. प्रियदर्शनीने क्षणभर शब्द शोधले. "म्हणतात, मग फुगायला काही उरतच नाही. पण... असं कोण करेल?"

मन्सूरभाई काहीच बोलले नाहीत. त्या दिवशीही नाही आणि मंगळवारीही नाही. दोन दिवसांत बाकीचे तीन खांब उभे राहिले, तुळया एकमेकींत अडकल्या. आढं गुरुवारी चढायचं होतं. गुरुवारी जपानहून कंपनीचं सर्वांत मोठं गिऱ्हाईक येणार होतं, मांडव पडला होता, जेवणाची ऑर्डर गेली होती. बोललं तर पाटीवरचं नाव जाणार, यात त्यांना शंका नव्हती. न बोललं तर कुणालाच कळणार नव्हतं, निदान पाच-दहा वर्षं.

मंगळवारी संध्याकाळी ते जेवायला बसले आणि अर्ध्यावर उठले. जुबेदाने विचारल्यावर सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं आणि घरच्या दखनी बोलीत एवढंच म्हणाली की गल्लीत नाव मी सांगितलंय, तुम्ही नाही, तेव्हा गल्लीची फिकीर तुम्ही करू नका. मग ताट झाकून ठेवलं.

बुधवारी सकाळी मन्सूरभाईंनी प्रियदर्शनीला गाठलं आणि शुक्रवारची हकीकत सांगितली. नेमका तिथे अभिनव उभा होता. इमारतींचं सगळं बघणारा हा मॅनेजर वयाने तिशीतला, आणि गुरुवारचा कार्यक्रम त्याच्या गळ्यात होता.

"चाचा, प्लीज," तो म्हणाला. "उद्या क्लायंट येतोय. खांब पडणार आहे का? नाही ना? मग आतलं कोणाला दिसतंय? प्रियदर्शनी, हे तू त्यांना ट्रान्सलेट करू नकोस. नंतर बघू."

"मी भाषांतर करते," प्रियदर्शनी म्हणाली. "गाळणी वेगळी मिळते, तुळशीबागेत."

निशिमुरांनी सगळं ऐकलं. ईशान्येच्या खांबापाशी गेले, सांध्यावर तळहात ठेवला, मोगरीने एकदा ठोकलं आणि कान लावला. मग त्यांचा चेहरा लाल झाला आणि ते बराच वेळ बोलले. प्रियदर्शनीने एकही शब्द गाळला नाही. एखाद्या वाक्याला तिचा आवाज बसला, पण तिने तेही सांगितलं. मन्सूरभाई मान खाली घालून उभे राहिले. शेवटी निशिमुरा म्हणाले की आता हा सांधा उघडायचा तर बाकीचे तीन फुटतील. पाचर मारावी लागेल. मन्सूरभाईंनी तिथेच बसून बाभळीच्या दोन पातळ पाचरी तासल्या. आधी उजवी ठोकली, मग तिला अडकवून डावी. सांधा आवळला. पण पाचरीचा सांधा तो पाचरीचाच, हे दोघांनाही कळत होतं.

दुपारी निशिमुरांनी पाटी पुढ्यात घेतली आणि शाई घोटायला बसले. मन्सूरभाईंनी आपली हत्यारं पोत्यात भरायला घेतली. निशिमुरांनी त्यांना हाक मारली. तारीख लिहून झाली होती. त्याखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं, त्याखाली मन्सूरभाईंचं. प्रियदर्शनीने बोट ठेवून दाखवलं, हे 'मन', हे 'सूरु'. मन्सूरभाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. निशिमुरांचा ब्रश मात्र थांबला नाही. नावाखाली आणखी एक ओळ उतरली.

"हे काय लिहिलं?"

प्रियदर्शनीने ओळ वाचली आणि हातातली वही मिटली.

"सांगा ना, ताई."

"ईशान्येच्या खांबाची जीभ मन्सूर यांनी तासली. सांधा सैल आहे, पाचर मारली आहे."

मागे उभा असलेला अभिनव म्हणाला, "इट्स ओके चाचा, वर कोण वाचणार आहे?"

मन्सूरभाईंचे कान तापले. तीस वर्षांनी नाव लागलं आणि ते असं लागलं. हे लिहिण्यापेक्षा नाव गाळलं असतं तर अब्रूने घरी गेलो असतो, असं त्यांच्या मनात आलं आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. "त्यांना म्हणावं, माझं नाव खोडा."

निशिमुरांनी ऐकलं आणि पहिल्यांदाच कामावरची नजर काढून त्यांच्याकडे बघितलं. प्रियदर्शनी हळूहळू सांगत गेली. "म्हणतात, ही पाटी शाबासकीची नाही. हे छत कधीतरी कुणी सुतार उघडेल. आपण दोघं तेव्हा नसू. खांब सैल का, हे तो विचारणार कुणाला? म्हणून नाव लिहायचं. म्हणतात, मी तरुणपणी एका देवळाचं छत उघडलं होतं. तिथल्या पाटीवर माझ्या गुरूंचं नाव होतं आणि त्याखाली त्यांची चूक. त्या दिवसापर्यंत मला वाटायचं, गुरू चुकत नाहीत."

मन्सूरभाई पाटीकडे बघत राहिले. बाहेर मांडववाले खुर्च्या उतरवत होते. अभिनवने दोनदा घड्याळ बघितलं.

मग त्यांनी हातातलं पोतं खाली ठेवलं आणि निशिमुरांच्या शेजारी मांडी घालून बसले.

"ताई, अजून लिहायला सांगा," ते म्हणाले. "पाचर बाभळीची आहे म्हणावं. उघडताना डावी आधी काढायची, उजवी मग. उलटं केलं तर खांब चिरेल त्याचा."