नानांच्या खांद्यावरचा खिळा

जळगावातले निम्मे 'भावी नगरसेवक' प्रशीलच्या कम्प्युटरमधून जन्माला आले. वाढदिवसाच्या फ्लेक्सवर सावळ्याला गोरं करावं ते त्यानंच. पण सुरक्षेचं पोस्टर? ते कौतिकनानांमुळे त्याच्या माथी आलं.

जिनिंगच्या एका जुन्या शेडमध्ये काही कारागीर भाडं वाटून कामं करायचे. एका कोपऱ्यात प्रशील, दुसऱ्यात कापडावर छपाई करणारी सपना, मधोमध लेथवर लाकडी खेळणी कातणारे पिंपळनेरचे कौतिकनाना. नानांच्या खांद्यावर लांबरुंद पांढरा रुमाल कायम लोंबत असायचा. गेल्या आठवड्यात त्याचं टोक फिरत्या लेथमध्ये गेलं, गळ्याला फास बसू लागला आणि नेमकी लाईट गेली. नाना वाचले.

"दर वेळी लाईट वेळेवर जाईलच असं नाही," सपना म्हणाली. "प्रशील, मोठं पोस्टर लाव. तोंडी सांगून नाना ऐकत नाहीत."

प्रशीलनं इंटरनेटवरून पिवळ्या टोपीतला एक हसरा गोरा साहेब उचलला आणि त्याच्या डोक्यावर 'सुरक्षा प्रथम' छापलं.

नानांनी चष्मा सावरून पाहिलं. "हाऊ कोन शे रे? आपला गावना तं दिखत नई." आणि रुमालासकट लेथ चालू!

प्रशीलला ते लागलं. चौकातल्या फ्लेक्ससमोर माणूस थांबतो कशाला? स्वतःचा फोटो शोधायला. त्यानं गोऱ्याला हाकललं. मधोमध नाना, हात जोडलेले, खाली 'सुरक्षा समितीचे मार्गदर्शक', भोवती बाकीचे गोल फोटोत. नानांच्या खांद्यावरचा रुमाल मात्र त्यानं मुद्दाम पुसून टाकला.

नाना खुलले आणि लगेच भडकले. "मना रुमाल कोठे शे? बिनरुमालना मी कधी फिरस का?"

"नाना, तो छापला नाही," प्रशील म्हणाला आणि फोटोतल्या खांद्यावर त्यानं खिळा ठोकला. "तुम्हीच घाला."

नाना घुटमळले. समोर त्यांचाच उघडा खांदा, मागे सगळी शेड बघतेय. शेवटी त्यांनी गळ्यातला रुमाल काढून फोटोतल्या खांद्यावर टाकला, घड्या नीट केल्या, दोन पावलं मागे सरून पाहिलं आणि मोकळ्या गळ्यानं लेथकडे गेले.

आता चहाला जाताना नाना फोटोवरचा रुमाल उतरवून खांद्यावर टाकतात, परतले की पुन्हा फोटोला घालतात. परवा एक भावी नगरसेवक गळ्यात उपरणं घालून लेथजवळ आले. नानांनी मशीनच बंद केली. "भाऊ, ते उपरणं आधी काढा!"

"काढतो ना," भाऊ म्हणाले आणि पोस्टरकडे निरखून पाहत प्रशीलच्या कानाला लागले. "यात आपला फोटो बसंल का रे? नानांपेक्षा जरा मोठा?"