एसीआधी मेन बोर्ड

लेक पहिल्या बाळंतपणाला येणार म्हणून पुंडलिकनगरच्या आमच्या जुन्या घरात एसी बसवायचा होता. वायरमन आला. नाव मी विचारले नाही. त्याने आधी कूलर सुरू करायला लावला, दिवे मंदावले. मग तापकरी मुलाच्या कपाळाला लावावा तसा उलटा हात त्याने मेन बोर्डाला लावला.

"काका, फ्यूज सारखा उडतो ना?"

"उन्हाळ्यात उडतोच."

"उडतो म्हणून घर शाबूत हाय. बोर्ड तापलाय, वायर करपलीय. एसी नाय जोडत मी."

"लेक परवा येते आहे."

"म्हणूनच नाय जोडत. लेक माहेरी झोपायला येती काका, धाकानं जागायला नाय."

उलट उत्तर मला खपत नाही. हे खपले.

दुसऱ्या दिवशी त्याने मेन बोर्डाच्या जागी नवी पेटी बसवली, जाड वायर ओढली, एसी जोडला. घरातले सारे एकदम चालू करून, "लोड झेपतो का बघतो," म्हणत तो लेकीच्या खोलीत भिंतीला टेकून बसला. तासाभराने मी चहा घेऊन गेलो. तो गाढ झोपला होता.

चहा तसाच परत नेला आणि दार आवाज न करता लोटले.