नवऱ्याकडची बाजू

मी गाणी लिहितो, असं म्हटलं की लोक आदराने बघतात. मग कसली गाणी ते सांगितलं की आदर जातो. आमच्या वसईकडच्या लग्नांत मांडवात दोन बाजूंच्या बायका समोरासमोर बसून एकमेकींच्या घराण्याची लक्तरं काढतात, ती गाणी. सातवीत नापास झालेल्या माणसाला याहून चांगलं खातं कोण देणार?

ऑस्ट्रेलियात, मेलबर्नजवळच्या डँडेनॉन्गला आलो तो वेल्डर म्हणून. दिवसभर ट्रेलर जोडायचे आणि जेवणाच्या सुट्टीत कुणाच्या तरी विहिणीच्या नाकावर दोन ओळी जोडायच्या. आपल्या माणसांची लग्नं इथे हॉलमध्ये लागायला लागली, तसा माझा धंदा वाढला. धंदा म्हणजे काय, तर जेवण फुकट आणि वर शिव्या. माझ्या मुलाने शेजारच्या गोऱ्याला सांगून ठेवलं, “डॅड कंट्री म्युझिक लिहितो.” झालं, तो गोरा आपली जुनी हॅट घेऊन दारात. मला म्हणाला, “मेट, तुझी गाणी कशावर असतात?” म्हटलं, सासरच्या माणसांवर. तो म्हणाला, माझीपण. तेव्हापासून आमचं बरं जमतं.

पण गाणं कागदावर असून चालत नाही, गळा लागतो. तो होता आमच्याच पंचक्रोशीतल्या एका बाईकडे. वृद्धाश्रमाच्या किचनमध्ये कामाला होती. तिला माइक दिला तर बाजूला ठेवायची, म्हणायची, “हा बहिऱ्यांना द्या.” ती हॉलमध्ये गायली की पार्किंगमधले सिगारेटवाले आत यायचे. माझ्या ओळी न विचारता बदलायची. मला राग यायचा. मग घरी येऊन बघायचो तर तिचीच ओळ बरी असायची, म्हणून जास्त राग यायचा. एवढ्या वर्षांत मी तिला “छान गायलीस” असं एकदाही म्हटलं नाही. तशी आपल्यात पद्धत नाही. मी म्हणायचो, “आज घसा बसलाय वाटतं.” तिला कळायचं.

माझी बायको मात्र तोंडावर सांगायची, “तुझी गाणी चालतात ती तिच्यामुळे.” बायका नवऱ्याची कदर कशी करतात, ते यावरून बघा.

बायको गेली. आमच्या ओळखीतले सगळे येऊन सांगून गेले की ती चांगल्या जागी गेली. स्वतः जायची घाई कुणाला नव्हती.

वर्षाची मिस्सा, म्हणजे वर्षश्राद्धाची चर्चमधली प्रार्थना, जवळ आली तशी मुलांनी मीटिंग घेतली. मिस्सेनंतर चर्चच्या हॉलमध्ये जेवण, भिंतीवर तिचे फोटो आणि मागे कुठलंतरी रडकं इंग्रजी गाणं. मुलगी म्हणाली, “डॅड, इट्स ब्युटिफुल.” म्हटलं, तुझ्या आईला यातला एक शब्द कळला नसता. मी जिवंत आहे, गाणी लिहितो, आणि माझ्या बायकोच्या वर्षाला परक्याचं गाणं? ते मला गिळता येईना. म्हटलं, गाणं मी लिहिणार आणि ती बाई गाणार. मुलांनी एकमेकांकडे बघितलं. “नो वरीज, डॅड,” म्हणजे इथे भरपूर काळजी आहे.

मी लिहिलं. ज्योत, तारा, देवदूत, सगळं घातलं. घेऊन त्या बाईकडे गेलो. तिने चष्मा लावून वाचलं.

“ही कोण बाई?”

“माझी बायको.”

“ह्यात कुठेय ती? देवदूत काय, ज्योत काय! तुझी बायको मासळी घेऊन ट्रेनमध्ये बसली की अख्खा डबा रिकामा व्हायचा. ती घाल. मेल्या, तुला येतं तेच कर.”

म्हणून मला येतं ते केलं. बसून बायकोची यथेच्छ चेष्टा लिहिली, नवऱ्याकडच्या बायका नवरीची करतात तशी. वर्षभरात पहिल्यांदा बरं वाटलं.

मिस्सा झाली. जेवणाआधी ती बाई उभी राहिली आणि माइक बाजूला ठेवला. मुलांना वाटलं, आता भजन.

“आमची नवरी आली गाडी शिकून,
शेजाऱ्याचा लेटरबॉक्स टाकला वाकवून!”

हॉल हादरला. आमचा गोरा शेजारी सगळ्यांत जोरात हसला. शब्द कळले नाहीत, पण लेटरबॉक्स त्याचाच होता.

आणि मग सगळं थांबलं. कारण पद्धत अशी की नवऱ्याकडचं कडवं झालं की नवरीकडच्यांनी उत्तर द्यायचं, त्याशिवाय पुढे जायचं नाही. ज्या बाजूला उत्तर सुचलं नाही, ती हरली. माझ्या कागदावर उत्तरं नव्हतीच. मी जन्मभर एकच बाजू लिहिली. दुसऱ्या बाजूचं उत्तर माझी बायको द्यायची, गॅसपाशी उभी राहून, हातातला झारा न ठेवता. सवयीने मी तिची जागा मोकळी सोडली होती. एवढ्या माणसांत ती मोकळी जागा दिसायला लागली. मुलगी माझ्याकडे बघेना.

ती बाई कागदाकडे बघत राहिली. मग कागद मला दिला, हॉल ओलांडून समोर गेली, बायकोच्या फोटोखाली उभी राहिली आणि तिथून, मनाची ओळ जोडून गायली,

“लेटरबॉक्स वाकला, तो सरळ झाला बाई,
नवरा सरळ करायला जन्म पुरला नाई!”

लोक हसले. ती माझ्याकडे हात करून म्हणाली, “तुझी बाजू. गा.”

“मी लिहितो, गात नाही.”

“तुझ्याकडचं कोण आहे दुसरं?”

कुणी नव्हतं. माझा आवाज म्हणजे ट्रेलरचा ब्रेक. पण उठलो.

“हरली गं हरली नवऱ्याकडची बाजू,
सांग आता कुणाच्या जिवावर माजू?”

कुणी हसलं नाही. सगळे तिच्याकडे बघायला लागले, आता उत्तर काय येतं म्हणून. तिने तोंड उघडलं आणि मिटलं. त्या गळ्यातून काही निघालं नाही, असं मी पहिल्यांदा बघितलं.

“ह्याला उत्तर नाही रे,” ती म्हणाली. “जिंकलास.”

“थांब जरा,” मी तिच्या डोक्यावरच्या फोटोकडे बघत म्हटलं. “घाई करू नकोस. तिला सुचेल.”